फोन बंद असताना

९ सप्टेंबर

डॉक्टरांचं बोलणं यापुढे फोनवर रेकॉर्ड करायचं, असा दोह्याहून हुकूम आला आहे. सुमय्या म्हणाली, "अब्बा, डॉक्टर काय म्हणाल्या असं मी विचारते आणि तुम्ही सांगता, बरं आहे म्हणाल्या. अम्मीच्या दोन्ही किडन्या गेल्यात, हार्ट कमजोर आहे, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, आणि तुमचं आपलं एकच. मला त्यांचे शब्द हवेत."

मी म्हणालो, त्यांचे अर्धे शब्द इंग्रजी असतात.

"म्हणूनच हवेत."

नूरबानू पडल्या पडल्या ऐकत होती. म्हणाली, "चांगलं झालं. निदान एक जण तरी ऐकेल." हे नक्की कोणाला होतं ते मी विचारलं नाही.

११ सप्टेंबर

पहिलं रेकॉर्डिंग केलं. मी फोन टेबलावर ठेवला तेव्हा डॉक्टर कादंबरी मॅडम एकदम गप्प झाल्या. मग रुपाली सिस्टरला म्हणाल्या, "आपला टॅब आणा." सिस्टरने हॉस्पिटलचा टॅब आणून माझ्या फोनशेजारी उभा केला आणि त्याचंही बटण दाबलं. मला समजावलं, "तुमच्यावर संशय नाही हो अमीनभाई. गेल्या महिन्यात एकाने डॉक्टरांचं बोलणं चोरून टिपलं, हवं तेवढंच ठेवलं आणि नेटवर टाकलं. तेव्हापासून ऑफिसचा नियम आहे. पेशंट रेकॉर्ड करणार असेल तर आपणही करायचं. तुमचं तुमच्याकडे, आमचं आमच्याकडे."

मॅडम आधी विचारायच्या, "अंजीर कधी येणार? पेरू गोड आहेत का?" माझं स्वारगेटच्या अलीकडे फळांचं दुकान आहे हे त्यांना माहीत आहे. येता-जाता त्या डाळिंबंही घेतात. आज फळांचा विषय निघाला नाही. सगळं बोलणं बातम्या वाचल्यासारखं झालं. नूरबानू खुर्चीत बसून दोन्ही यंत्रांकडे बघत होती.

घरी येऊन कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. सुमय्याने लगेच ऐकलं. मेव्हणा अझीम वारज्याला राहतो, त्याने अंगठा पाठवला. ऐकून पाठवला की न ऐकता, ते कळायला मार्ग नाही.

१८ सप्टेंबर

रेकॉर्डिंग नीट झालं की नाही हे बघायला घरी पुन्हा लावलं. नूरबानू स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला ऐकवू नका. मी तिथेच होते."

२५ सप्टेंबर

मशीनवर असताना तिचं बीपी खाली आलं, मध्येच थांबवावं लागलं. परत येताना रिक्षात तिने डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, चारचौघांत असं कधी केलं नव्हतं. रिक्षावाला आरशातून बघत होता, पण तिने डोकं काढलं नाही.

४ ऑक्टोबर

आज बऱ्याच दिवसांनी चांगली बातमी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आत गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "अमीनभाई, आज फोन बंद कराल का? टॅबही बंद करायला सांगते. थोडं बोलायचं आहे." मी म्हणालो, नको मॅडम, मुलीला प्रत्येक शब्द ऐकायचा असतो, एक चुकला तरी मला दम भरते. त्यांनी नूरबानूकडे पाहिलं, मग टॅबकडे. मग म्हणाल्या ते असं (फोनवर ऐकून उतरवतो आहे):

"बीपी मशीनवर टिकत नाही. त्यामुळे आता आठवड्यातून एकदाच करू, तेही झेपलं तर. पथ्याचं फार ताणू नका. आवडेल ते खाऊ द्या. मुलगी बाहेर असते ना? जमलं तर येऊन भेटून जाऊ दे."

तीनदाचं एकदा झालं. आणि पथ्य उठलं. फळविक्याच्या बायकोला दीड वर्ष फळ बंद, यावरून बाजारात माझी पुष्कळ चेष्टा झाली आहे. केळं नाही, संत्रं नाही, नारळपाणी नाही, आणि तिचं लाडकं सीताफळ तर नावालाही नाही. मी दुकानातून पुरंदरची दोन निवडक सीताफळं घरी नेली.

तिने अगदी हळू खाल्लं. एकेक बी ताटलीच्या कडेला लावत होती. मी म्हणालो, "बघ, पथ्य संपलं."

"हो," ती म्हणाली, "संपलं." आणि दुसरं सीताफळ माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही पण घ्या."

बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "मिशीला लागलंय."

५ ऑक्टोबर

अझीमने ग्रुपवर लिहिलं, "माशाअल्लाह, आपा बरी होते आहे." सुमय्याने काहीच लिहिलं नाही. कामात असेल.

७ ऑक्टोबर

सुमय्या येते आहे. शाळेला सुट्टी नाही, मुलांना सासूकडे ठेवून एकटीच येते आहे. मी म्हणालो, एवढी घाई कशाला, अम्मी आता सुधारते आहे, डिसेंबरात मुलांना घेऊनच ये. ती म्हणाली, "अब्बा, तिकीट काढलंय." मग आवाज तुटला. दोह्याची लाइन अलीकडे फार खराब झाली आहे.

१४ ऑक्टोबर

सुमय्या चार दिवस झाले इथे आहे. आईच्या केसांना तेल लावते, तिच्याच पलंगावर झोपते. सुमय्याच्या तरुणपणी एवढा वेळ दोघींनी एकत्र काढलेला मला आठवत नाही, तेव्हा भांडणंच जास्त. बाथरूममध्ये मात्र फार वेळ नळ सोडून ठेवते. तिकडे पाण्याची पंचाईत नसावी. एकदा सांगितलं, तर लाल डोळ्यांनी बाहेर आली. तिला इथली धूळ सोसत नाही.

काल मला म्हणाली, "अब्बा, ते रेकॉर्डिंग तुम्ही नीट ऐकलंत ना?" मी म्हणालो, ऐकलं, उतरवूनही घेतलं आहे. "मग ठीक," म्हणाली. मग माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत बसली.

१९ ऑक्टोबर

सुमय्या गेली. जाताना आईला सोडेना. नूरबानूच शेवटी म्हणाली, "जा आता, विमान तुझ्या मामूचं नाही थांबायला."

२४ ऑक्टोबर

लिहावं की नाही असं वाटत होतं. पण लिहिल्याशिवाय सरळ विचार होत नाही.

सकाळी दुकानात सुशीलाबाई आल्या. टिळक रोडच्या मागे राहतात, माझ्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. हातात घेऊन दाबल्याशिवाय फळ घेत नाहीत आणि दाबलेलं फळ घेत नाहीत. सीताफळं मऊ झाली होती. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "घेऊन जा ताई. आजच खा, उद्यावर ठेवू नका."

त्या म्हणाल्या, "म्हणजे सडायला आलीत. असं सरळ सांगा की बागवान. काय तुमची ती गोड भाषा."

मी हसलो. उभा जन्म मी हे वाक्य बोलतो आहे. ज्या फळाचं काही होणार नाही, त्याबद्दल असंच बोलायचं असतं. 'सडतंय' म्हणायचं नाही. 'आज खाऊन टाका' म्हणायचं. घेणाऱ्याला कळतं, देणाऱ्याचा शब्द वाया जात नाही.

सुशीलाबाई पुढे काहीतरी बोलत होत्या. त्यांना पिशवी दिली की नाही आठवत नाही. आवडेल ते खाऊ द्या. मुलगी येऊन भेटून जाऊ दे. हे मी माझ्या हाताने उतरवून घेतलं होतं.

दुकान अर्धं उघडं टाकून मागच्या खोक्यांवर बसलो. सुमय्याला कळलं होतं. नूरबानूला सीताफळ खातानाच कळलं होतं. मी एकटाच आनंदात होतो, आणि त्या दोघींनी मला तसं राहू दिलं.

२७ ऑक्टोबर

एकटाच मॅडमकडे गेलो. आत जाताच फोन पूर्ण बंद केला आणि पडदा काळा झाल्यावर त्यांना दाखवला. मॅडम रुपाली सिस्टरला म्हणाल्या, "टॅब राहू द्या." सिस्टर जरा घुटमळली, पण तिने तो बंद केला, उलटा करून खिडकीत ठेवला आणि दाराशी उभी राहिली.

मग मॅडम माणसासारख्या बोलल्या. इंग्रजी एकही शब्द नाही.

"अमीनभाई, आता त्यांना मशीन झेपणार नाही. एकदासुद्धा नाही. थोडे आठवडे आहेत, कदाचित कमी. एक दिवस त्यांना खूप दम लागेल. तेव्हा तुम्ही इथे घेऊन आलात तर मला घशात नळी घालावी लागेल. इथला नियमच तो आहे, आणि मी नाही म्हणू शकणार नाही. त्याने त्या बऱ्या होणार नाहीत. फक्त त्या आत राहतील आणि तुम्ही काचेच्या बाहेर."

मी विचारलं, "मग काय करू?"

"माझी आई असती तर घरी ठेवली असती. घुसमट कमी होईल असं औषध देते. पण हे मी ठरवायचं नाही, तुम्हीही नाही. त्यांना विचारा. इतके महिने आपण त्यांच्यासमोर बोलतोय, त्यांना कोणी विचारलंय का?"

मी नाही म्हणालो. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "पेरू आलेत का?" मी हो म्हणालो. तेवढ्यावरच मला रडू आलं. रुपाली सिस्टरने पाण्याचा ग्लास आणला.

२८ ऑक्टोबर

दुपारी तिच्या उशाशी बसलो. कसं विचारायचं ते जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "जास्त त्रास झाला तर तुला तिकडे जायचंय की इथेच राहायचंय?"

ती म्हणाली, "इतके दिवस फोनला विचारत होतात. आज मला विचारलंत."

मी तिच्या पाठीची उशी सरळ केली.

"इथेच. ती नळी मी शेजारच्या खाटेवर बघितली आहे. हात बांधून ठेवतात. मला नको." मग म्हणाली, "सुमय्याला सांगू नका. ती भेटून गेली. आता पुन्हा धावत येईल, आणि मला पुन्हा निरोप घेत बसावं लागेल. एकदाच जमला तो कसाबसा."

"आणि अझीमला?"

"त्याला सांगितलंत तर तो सगळं वारजं घेऊन येईल."

सुमय्याचा फोन आला, कालचं रेकॉर्डिंग कुठे आहे? मी म्हणालो, चार्जिंग संपलं होतं.

५ नोव्हेंबर

दुकान दुपारनंतर बंद ठेवतो. तिला बसवून, पाठीला उशा लावून आम्ही गप्पा मारतो. ती सासरी नवीन असताना माझ्या आईने तिला आंबे पिकत घालायला शिकवलं, आणि तिने घाईत गवतात घातलेली सगळी अढी उपसून ठेवली, ते आज तिने पहिल्यांदा कबूल केलं. इतकी वर्षं मी ते मांजरावर घातलं होतं.

११ नोव्हेंबर

नूरबानू आज असरच्या नमाजाच्या सुमारास गेली.

दुपारपासून दम वाढला. औषध दिलं. थोडा फरक पडला, मग नाही. मी अझीमला फोन केला. तो म्हणाला, "ॲम्ब्युलन्स बोलावली का?" मी म्हणालो, तू आधी ये. तो निघाला, पण वारज्याच्या पुलावर अडकला.

ती घाबरली होती. मला धरून ठेवा, म्हणाली, आणि मी धरलं, तरी धरा धरा म्हणत राहिली. नखं माझ्या दंडात रुतली. एकदा दाराकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, न्या मला. म्हणाली असती तर मी नेलं असतं. ती म्हणाली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. शेवटी पकड सैल झाली.

अझीम आला तेव्हा सगळं संपलं होतं.

१४ नोव्हेंबर

आज तिसऱ्या दिवसाची जियारत झाली. सुमय्याला दफनाआधी पोचता आलं नसतं, म्हणून ती आली नाही. माणसं पांगल्यावर अझीमने मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लावलं नाही, त्यामुळे बाहेरच्यांनी ऐकलंच.

"दुल्हेभाई, आपा सुधारत होती. पथ्यसुद्धा उठलं होतं. मग डायलिसिस बंद का केलं? हॉस्पिटलला का नेलं नाही?"

मी सांगितलं, डॉक्टर म्हणाल्या होत्या, नेऊन उपयोग नाही. आणि तिचीच इच्छा होती.

"डॉक्टर असं म्हणाल्या? मग ऐकवा. तुमच्याकडे सगळं रेकॉर्ड असतं. किडनीचे आकडे आहेत, औषधांची नावं आहेत, सिस्टर शिंकलेली आहे. हे कुठे आहे?"

"त्या दिवशी फोन बंद होता."

"बरोबर," तो म्हणाला. "त्याच दिवशी."

त्याचा राग मला कळतो. त्याच्यासाठी ती आईच्या जागी होती. शाळेत हात धरून तिनेच नेलं त्याला.

१९ नोव्हेंबर

अझीम हॉस्पिटलला जाऊन आला. त्याने केलेलं रेकॉर्डिंग ग्रुपवर आहे. मी दुकानात बसून ऐकलं. मॅडमचा आवाज तो बातम्यांचा:

"पेशंटची प्रकृती गंभीर होती आणि त्याची कल्पना नातेवाईकांना दिली होती. दाखल करण्याचा पर्याय खुला होता. घरी ठेवण्याचा निर्णय कुटुंबाचा होता."

अझीम विचारतो, "घरी ठेवा असं तुम्ही सांगितलं होतं का?" मग मॅडम म्हणतात, "मी आत्ता सांगितलं तेवढंच सांगू शकते."

मला मॅडमचा राग आला नाही. यात खोटं काहीच नाही. निर्णय कुटुंबाचाच होता. अझीमने फोन चालू ठेवला होता, म्हणजे टॅबही चालू असणार. मी त्या जागी असतो तर मीही 'आजच खा, उद्यावर ठेवू नका' एवढंच म्हणालो असतो.

ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. रात्रीपर्यंत सुमय्याचा एकच प्रश्न आला: "अब्बा, डॉक्टर खरंच तसं म्हणाल्या होत्या?" मी 'हो' लिहिलं. तिने वाचल्याची खूण दिसली. पुढे काही नाही.

२३ नोव्हेंबर

आज दुकानात नेहमीची गिऱ्हाइकं आली. शेजारच्या अल्ताफने नेहमीसारखा चहा पाठवला नाही. विसरला असेल. दोन दिवस विसरतो आहे.

२७ नोव्हेंबर

रुपाली सिस्टर ड्यूटी संपवून दुकानात आली. साध्या कपड्यांत ओळखू आली नाही. पेरू निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "तुमचे मेव्हणे येऊन गेले तेव्हा मी होते तिथे. आणि त्या दिवशी दारातही मीच होते, मॅडम बोलल्या तेव्हा."

मी म्हणालो, हो, तुम्हीच पाणी आणलं होतंत.

"मॅडम तेव्हापासून नीट जेवत नाहीत. त्या काही बोलू शकत नाहीत. मी सांगू का तुमच्या मेव्हण्यांना? माझं ऐकतील ते."

ऐकलं असतं त्याने. सिस्टरचं कोण ऐकत नाही? पण अझीम ऐकताना फोन चालू ठेवेल. मग ते ग्रुपवर जाईल, ग्रुपवरून हॉस्पिटलच्या ऑफिसात. मग टॅब कोणी बंद केला, कोणाच्या सांगण्यावरून, हे सगळं निघेल. उद्या दुसरा कोणी अमीन त्यांच्यासमोर फोन बंद करून बसेल, आणि त्याला कोणी काही सांगणार नाही.

मी म्हणालो, "नको सिस्टर."

"मग घरच्यांना काय सांगणार?"

"सांगून झालंय."

तिने पेरूची पिशवी घेतली, पैसे काढले. मी ते घेतले. नाहीतर तिला वाटलं असतं की गप्प राहण्याच्या बदल्यात सोडले.

संध्याकाळी घरी आलो, भात लावला. एका माणसाचा भात मला अजून जमत नाही. जेवत होतो तेवढ्यात सुमय्याचा फोन आला. त्या प्रश्नानंतर पहिल्यांदाच. "जेवलात?" तिने विचारलं. जेवतोय म्हणालो. तिच्याकडे कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला. माझ्याकडे पंखा.

मला वाटलं, आता पुन्हा डॉक्टरांचं विचारेल. मी तयारी करून बसलो होतो.

तिने विचारलं, "अब्बा, शेवटी अम्मी घाबरली होती का?"

"नाही," मी म्हणालो.

ती रडली, पण वेगळं. म्हणाली, "बरं झालं." आणि खरंच का, असं एकदाही विचारलं नाही.